सिग्नल नाही, आणि कारणही नाही

गेल्या वर्षी पाडव्यानंतर आईला दुपारची अंधारी येऊ लागली. आईचे वय ८७. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. दुपारचे जेवण झाले की हॉलमधल्या दिवाणावर पाय पसरून जुनी नाटके, जुने चित्रपट पाहायचे हा तिचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. मुलाने बंगळुरूहून तळहाताएवढा एक खोका पाठवून दिला आहे, त्यातून हे सारे टीव्हीवर दिसते. त्या वेळी आम्ही उभयता आतल्या खोलीत वामकुक्षी करीत असतो. चार वाजता चहा घेताना आई सांगू लागली, "आज दोनदा अंधारी आली रे. चार-पाच सेकंद सगळं काळं झालं, मग आपोआप आलं."

या वयात अंधारी येते म्हटल्यावर घरातल्या माणसांनी काय करावे? कोणीही करील तेच आम्ही केले. आधी नेहमीचे डॉक्टर, मग नेत्रतज्ज्ञ. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसणे झाले, पडद्याची तपासणी झाली, शेवटी मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीही झाली. साडेसात हजार रुपये खर्च आला. त्याचे काही नाही, पण दर वेळी रिक्षात चढता-उतरताना तिचे जे हाल होत ते पाहवत नसत. "आजी, डोळ्यांपुढे अंधारी येते का?" असे डॉक्टरांनी विचारले आणि आई "हो" म्हणाली. डॉक्टरांपुढे "हो" म्हणायचे असते, ही तिच्या पिढीची रीत. "फक्त टीव्ही काळा होतो की सगळेच?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

आणखी एक गोष्ट आई सांगत होती, ती आम्ही हसण्यावारी नेली. "पंखा बंद केला की येते," असे ती म्हणे. सौ. म्हणाली, "आई, पंख्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध?" आईने मग ते सांगणे सोडून दिले.

ज्येष्ठात एका रविवारी पाऊस आला, हवा गार झाली. मी आईजवळ बसलो होतो. तिने "पंखा बंद कर रे" म्हटले, मी उठून बटण दाबले, आणि समोरचा टीव्ही काळा झाला. आवाजही गेला. क्षणभराने काळ्या पडद्यावर एका कोपऱ्यात इंग्रजीत दोन शब्द उमटले, 'नो सिग्नल'. चार-पाच सेकंदांनी चित्र परत आले. आई माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "बघ, आली अंधारी."

त्या क्षणी मला जी शरम वाटली ती इथे लिहीत बसत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत जे कळले ते मात्र लिहिण्याजोगे आहे. आज घरोघरी हे खोके आहेत, आणि घरोघरी कोणीतरी म्हातारे माणूस दुपारी एकटे टीव्हीसमोर बसलेले आहे.

चित्र जाणे ही आमच्या पिढीला नवी गोष्ट नव्हे. पुण्यात आमच्या लहानपणी आणि तरुणपणी साऱ्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथे. वडील गच्चीवर, धाकटा भाऊ जिन्यात, मी संचासमोर. "आलं का?" "नाही, मघाशी बरं होतं!" हा संवाद ज्याने केला नाही तो त्या काळात पुण्यात राहिलाच नाही असे खुशाल समजावे. पण त्या बिघाडाला एक भाषा होती. मुंग्या दिसू लागल्या म्हणजे सिग्नल क्षीण आहे. चित्राच्या बाजूला दुसरे फिकट चित्र दिसले म्हणजे कुठल्या तरी इमारतीवरून लाट परतून येते आहे. चित्र वरून खाली फिरू लागले तर संचामागचे एक बटण हलकेच पिळायचे. आणि चूक केंद्राची असेल तर 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी लागे. त्या पाटीची आपण किती टवाळी केली! आता वाटते, निदान खेद तरी होता, आणि अडथळा आमच्या घरातला नाही एवढे तरी त्यावरून कळत होते.

आताचे चित्र अंकांतून येते. अंकांचा स्वभाव असा की, सिग्नल थोडा क्षीण झाला तरी चित्र तसूभरही बिघडत नाही. आणखी क्षीण झाला तरी नाही. आणि मग एका रेघेपलीकडे गेला की सारेच जाते. मुंग्यांची पूर्वसूचना नाही. उतारावरून घसरणे वेगळे आणि कड्यावरून पडणे वेगळे. आमच्या घरातले चित्र पाडव्यापासून त्या कड्याच्या अगदी टोकावर उभे होते, आणि आम्हाला ते लख्ख, सुंदर दिसत होते.

आधी मी रीतसर मार्ग धरला. खोक्याच्या कंपनीला फोन लावला. "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." केले. "सर, बॉक्स ओके आहे, टीव्ही दाखवून घ्या." टीव्हीचा माणूस आला. संच नवा, हमीच्या मुदतीतला. त्याने पेन ड्राइव्ह लावून दहा मिनिटे चित्र पाहिले. "काका, टीव्ही एकदम ओके. बॉक्स बघा." इंटरनेटवाला आला, मोबाइलवर वेग मोजून म्हणाला, "स्पीड फुल आहे." मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, कशाला डोकं लावताय? नवीन बॉक्स पाठवतो." नवा खोका आला. अंधारी तशीच.

गंमत म्हणजे तिघांचेही म्हणणे खरे होते. बँकेत ज्यांनी आंतरशाखा ताळमेळाचे काम केले असेल त्यांच्या हे चटकन लक्षात येईल. या शाखेची वही बरोबर, त्या शाखेची वही बरोबर, आणि नोंद मात्र मधल्यामध्ये लोंबकळत. अशा नोंदी वर्षानुवर्षे पडून राहत, कारण मधली जागा कोणाच्याच अखत्यारीत नसे. खोका एका कंपनीचा, टीव्ही दुसऱ्या कंपनीचा, त्या दोघांना जोडणारी वायर कोणाची? ती आमच्या भिंतीत होती.

३५ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला यंत्र कळत नसले तरी फरक शोधणे कळते. बॅलन्स जुळला नाही तर आम्ही आधी फरकाच्या रकमेला ९ ने भागून पाहत असू. भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ६३ च्या जागी ३६ पडले आहेत. मग फरक निम्मा करून तेवढ्या रकमेचे व्हाउचर शोधत असू. सापडले तर नावेची नोंद जमेकडे गेली आहे. सगळी वही पहिल्यापासून तपासणे हा शेवटचा उपाय. आणि सर्वांत पहिला प्रश्न असे तो हा, की कालपर्यंत जुळत होते ना, मग आज नवे काय झाले?

मी एक दोनशेपानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय चालू होते, किती सेकंद गेले, पडद्यावर काय दिसले, त्या वेळी घरात कोणते बटण दाबले. दुपारी आईजवळ बसू लागलो. आठ दिवसांत ध्यानात आले की, ज्याला आपण सरसकट 'चित्र गेले' म्हणतो ते एक नव्हेच.

चित्र जागच्या जागी थिजले आणि मध्ये गोल चक्र फिरू लागले, तर तो इंटरनेटचा दोष. त्या वेळी टीव्ही आणि खोका यांचे नाते शाबूत असते, नाहीतर ते चक्रही दिसले नसते. चित्र जाऊन खोक्याच्या कंपनीचे बोधचिन्ह उमटले, तर खोका बंद पडून नव्याने सुरू झाला आहे. तिथे विजेचा अ‍ॅडॉप्टर तपासायचा. (काही जण टीव्हीच्याच यूएसबीच्या भोकातून अशा उपकरणांना वीज देतात. जुन्या प्रकारच्या त्या भोकातून अर्धा अँपिअर मिळणे अपेक्षित असते, आणि पुष्कळ उपकरणांना त्याहून अधिक लागते. मग ऐन रंगात आलेल्या प्रसंगी त्यांना भोवळ येते.) एकाच अ‍ॅपमध्ये काळे होते आणि बाकी सर्वत्र ठीक असते, तर दोष त्या अ‍ॅपचा किंवा त्याच्या कुलपाचा. पण चित्र आणि आवाज एकदम गेले, खोक्याचा दिवा चालूच आहे आणि पडद्यावर टीव्हीचे स्वतःचे 'नो सिग्नल' आले, तर संशय मधल्या वाटेवर घ्यावा.

एका प्रकारच्या काळोखाने मला चार दिवस चकवले. चित्रपट सुरू होताना आणि संपताना दोन-तीन सेकंद पडदा हमखास काळा होई. तो दोष नव्हताच. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडचे टीव्हीचे कार्यक्रम २५ चित्रांचे, आणि खोक्याचा स्वतःचा पडदा ६० चा. खोक्यात अशी एक सोय असते की, जो कार्यक्रम लावाल त्याच्या तालाशी टीव्हीचा ताल जुळवून घ्यायचा. ताल बदलताना टीव्ही क्षणभर डोळे मिटतो. तबलजी नाही का मध्येच हातोडी घेऊन तबला मिळवतो, तसे हे. ती सोय बंद केली की हा काळोख थांबतो, मात्र कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळते. मी त्या नोंदी वहीत वेगळ्या शाईने खोडल्या. उरल्या त्या सतरा. सतरापैकी अकरा नोंदींच्या शेवटच्या रकान्यात 'पंखा' होते.

आता 'नवे काय झाले?' या प्रश्नाकडे येतो. पाडव्याला आम्ही नवा टीव्ही घेतला होता. जुन्याच्या चौपट बारकाव्याचा, ज्याला दुकानात 'फोर-के' म्हणतात तो. जुन्या संचाच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. नव्याच्या पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार. खोक्याने नवा टीव्ही ओळखला आणि आम्हाला न विचारता मोठे चित्र पाठवायला सुरुवात केली. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर वायरीतून सेकंदाला सुमारे १,८०० कोटी एक-शून्ये जावी लागतात. पूर्वी जात होती सुमारे ४४५ कोटी. वायर मात्र तीच, २०१४ साली हॉलचे काम काढले तेव्हाची. इलेक्ट्रिशियनने शोकेसपासून टीव्हीच्या जागेपर्यंत आठ मीटर वायर भिंतीतून नेली, कोपऱ्यावर काटकोनात वळवली, आणि वेगळा पाइप टाकायचा कंटाळा म्हणून पंख्याच्या वायरच्याच पाइपातून ओढली. त्या काळी त्या वायरला ते ओझे झेपत होते. बैलगाडीसाठी बांधलेल्या साकवावरून आता भरलेले ट्रक जात होते, एवढेच. पंखा बंद करताना बटणात जी बारीक ठिणगी उडते, तिचा धक्का शेजारून जाणाऱ्या या वायरला बसे आणि काठावर उभे असलेले चित्र कोसळे. संध्याकाळी आम्ही सगळे बसतो तेव्हा पंखा सतत चालू असतो, म्हणून आम्हाला ते कधी दिसले नाही. दुपारी आईला गार लागे, मग उकडे, मग गार लागे.

शहानिशा अगदी साधी होती. खोका उचलून टीव्हीच्या मागे नेला, एक मीटरची वायर लावली आणि पंखा वीस वेळा चालू-बंद केला. चित्र हलले नाही. मग पुन्हा भिंतीतली वायर जोडली; तिसऱ्याच खेपेला अंधारी. मग भिंतीतलीच वायर ठेवून खोक्याच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार जुन्याइतका, म्हणजे १०८० केला. वीस वेळा पंखा, अंधारी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळावा लागतो. मुलाने खोका पाठवला त्याच दिवशी मी टीव्हीचे भोकही बदलले असते आणि योगायोगाने दोन दिवस बरे गेले असते, तर आजही आम्ही खोक्यालाच दोष देत बसलो असतो.

सर्वांत स्वस्त उपाय फुकटचा होता, तो म्हणजे चित्र लहान करणे. १९६० च्या सुमाराचा कृष्णधवल चित्रपट दहा फुटांवरून पाहणाऱ्या ८७ वर्षांच्या बाईला ८२ लाख ठिपके काय करायचे आहेत? खरे सांगायचे तर मलाही फरक कळला नाही. पण आठ महिन्यांनी येणाऱ्या नातवाला कळेल म्हणून मी तापकीर गल्लीत वायर आणायला गेलो. दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली अडीच हजारांची वायर पुढे केली, "साहेब, पिक्चर एकदम ब्राइट येईल" म्हणाला. अंकांतून येणारे चित्र वायरीमुळे अधिक उजळ होत नसते. येते किंवा येत नाही. सोन्याने टोक गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या '२.१' वगैरे आवृत्तीलाही फारसा अर्थ नाही. वायरीची प्रत वेगाच्या नावाने ठरते, आणि 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा त्यावरची 'अल्ट्रा हाय स्पीड' ही मोबाइलने तपासता येणारी चिकटपट्टी असली तर ती खरी परीक्षा. मी अशी एक मीटरची वायर घेतली आणि खोका टीव्हीच्या पाठीला चिकटवून टाकला. त्याचा रिमोट ब्लूटूथचा आहे, त्याला खोका दिसावा लागत नाही. भिंतीतली वायर भिंतीतच आहे.

इथवर झाली आमच्या घरची कथा. पण खरे घोडे पेंड खाते ते पुढेच.

या वायरीच्या टोकाला १९ पिना असतात. चित्राच्या तीन जोड्या, तालाची एक, बाकीच्या बोलाचालीसाठी. खोका एका पिनेवरून पाच व्होल्ट देतो, टीव्ही दुसऱ्या पिनेवरून 'मी आहे' असे कळवतो. मग टीव्ही आपली ओळखपत्रिका वाचायला देतो, मला अमुक आकार चालतात, अमुक आवाज चालतात. त्यानंतर कुलूपकिल्लीचा विधी. इंटेल कंपनीने तयार केलेल्या या पद्धतीत खोका टीव्हीला त्याची सही विचारतो, कारण टीव्हीच्या जागी नक्कल करणारे यंत्र तर नाही ना, अशी चित्रपटवाल्यांना धास्ती. तिच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राला ४० एक-शून्यांची ओळख असते, त्यात बरोबर २० एक आणि २० शून्ये हवीत. आम्हा बँकवाल्यांना हे आवडण्यासारखे आहे. पण तिथे थांबत नाही. दर १२८ चित्रांनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, सही पुन्हा जुळवली जाते. काउंटरवर पैसे मोजून देताना दर दोन सेकंदांनी 'पुन्हा सही करा' म्हणणारा कॅशियर तुम्ही पाहिला आहे काय? या जुन्या कुलपाची मुख्य किल्ली २०१० च्या सप्टेंबरात जगजाहीर झाली, आणि ती खरी असल्याचे इंटेललाही मान्य करावे लागले. चोरांच्या प्रती कधीच थांबल्या नाहीत. वायर क्षणभर हिसकली की तो सारा विधी पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून एका ठिणगीपायी चार-पाच सेकंदांचा काळोख. कधी विधी अर्धवट राहिला तर दोन्ही यंत्रांच्या वायरी भिंतीतून काढून मिनिटभर थांबावे लागते, आणि आधी टीव्ही, मग खोका असे लावावे लागते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

पण माझी मुख्य तक्रार कुलपाबद्दल नाही. माझी तक्रार अशी आहे की, या यंत्रांना कारण माहीत असते आणि ती सांगत नाहीत. समोर वायर आहे की नाही हे खोक्याला कळते. ओळखपत्रिका वाचता आली की नाही, सही जुळली की नाही, हेही कळते. २०१३ साली या जोडणीची दुसरी मोठी आवृत्ती आली, तिच्यात तर वाटेत किती अक्षरे चुकली याची मोजदाद टीव्हीने ठेवण्याची आणि खोक्याने ती वाचण्याची सोय आहे. म्हणजे खतावणी तयार आहे, फक्त खातेदाराला दाखवायची नाही. त्याच्यासाठी दोन शब्द, 'नो सिग्नल'. वायर निघाली असली तरी तेच, सही जुळली नाही तरी तेच, पंख्याची ठिणगी लागली तरी तेच. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

बँक चेक परत करते तेव्हा सोबत एक चिठ्ठी देते. तिच्यावर कारणे छापलेली असतात. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख पुढची, अक्षरी व आकडी रकमेत फरक. अधिकाऱ्याने योग्य कारणावर खूण करायची. ही खूण किती महत्त्वाची! १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणे हा गुन्हा झाला, आणि खटला उभा राहतो की नाही हे पुष्कळदा त्या चिठ्ठीवरच्या कारणापासून ठरू लागले. नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी मला बजावले होते, चेक परत करायचा अधिकार तुला आहे, कारण न देता परत करायचा नाही. त्या एका खुणेने माणसाला कळते की दोष आपला, समोरच्याचा, की बँकेचा.

आता स्वतःचेही सांगायला हवे. २००० नंतर आमच्या शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि पहिली काही वर्षे जोडणी वारंवार तुटे. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दारावर पुठ्ठा लावलेला असे, 'लिंक डाऊन'. एक निवृत्त शिक्षक पेन्शनसाठी उन्हातून तीन दिवस आले. तिसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, लिंक म्हणजे काय? माझ्या खात्यात काही चूक झाली आहे का?" तीन दिवस ते गृहस्थ आपल्याच खात्यात काहीतरी वावगे आहे या काळजीत झोपले नव्हते. टेलिफोनची भाड्याची लाइन कुठे तरी खोदकामात तुटली होती, मला ते पहिल्याच दिवशी कळले होते, आणि पुठ्ठ्यावर एक ओळ जास्त लिहायला मला सुचले नव्हते. आई "अंधारी" म्हणाली तेव्हा मला ते शिक्षक आठवायला हवे होते. नाही आठवले.

कारण दडवले की दोष नाहीसा होत नाही, तो खाली खाली सरकत जातो. कंपनी म्हणते टीव्ही, टीव्हीवाला म्हणतो खोका, घरचे म्हणतात डोळे. शेवटी जो सर्वांत कमी बोलू शकतो त्याच्यावर येऊन तो थांबतो. दरम्यान चांगला खोका कपाटात जातो आणि पुढे कचऱ्यात. आमचा पहिला खोका निर्दोष होता. तो आता पुतण्याकडे झकास चालतो आहे.

यावर उपाय फार मोठा नाही. पडद्यावर तीन ओळी हव्यात, आणि त्या घरातल्या माणसाच्या भाषेत हव्यात. 'खोका सुरू आहे. वायर जोडलेली आहे. चित्र वाटेत गळत आहे. लहान आकाराचे चित्र लावून पाहा.' एवढे वाचता आले असते तर आईने पाडव्याच्या आठवड्यातच मला हाक मारली असती. "ग्राहक गोंधळतील" असा बचाव केला जाईल. ग्राहक गोंधळलेलाच आहे; निदान खऱ्या कारणाने गोंधळू द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी ग्राहक दिनाला संकेतस्थळही उघडले. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळाव्यात, हे सारे योग्यच. पण दुरुस्तीच्या आधी निदान येते, आणि निदानाची सामग्री यंत्राच्या पोटात कुलूपबंद असेल तर सुट्या भागांचे करायचे काय?

या मजकुराचे एक पत्र मी खोक्याच्या कंपनीला पाठवले, सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, सतरा नोंदींसह. पंखा अकरा वेळा, मिक्सर तीन वेळा, कारण न सापडलेल्या तीन, असे प्रामाणिकपणे लिहिले. बारा दिवसांनी मोबाइलवर उत्तर आले. माझी तक्रार निकाली काढून बंद करण्यात आली आहे. कशी निकाली काढली, ते लिहिलेले नव्हते.